शाळा गावाची, तर निर्णय कोणाचा?

अभ्यासपाठ : शाळा व्यवस्थापन समिती आणि ग्रामसभा

पाड्यावरची शाळा कोणाची, असे कोणत्याही पालकाला विचारले तर बहुधा एकच उत्तर मिळते : "सरकारची." इमारत सरकारची, गुरुजी सरकारचे, पुस्तके सरकारची, खिचडीही सरकारची. मग तिथे काय चालावे ते सरकारच ठरवणार, आपण विचारणारे कोण?

मुले मात्र आपली आहेत. शाळा चांगली चालली तर लाभ त्यांचा, आणि बंद पडली तर पायपीटही त्यांचीच. म्हणून "आपण विचारणारे कोण" या प्रश्नाचे नीट उत्तर प्रत्येक पालकाजवळ असायला हवे. हा पाठ त्यासाठीच आहे. लिहिणारा शिक्षणखात्यातला अधिकारी नाही, एक साधा नागरिक आहे. कायदा वाचून, बैठकांना बसून जे समजले ते येथे मांडले आहे. कार्यकर्त्यांनी हा पाठ पालकांच्या बैठकीत थोडा थोडा वाचून दाखवावा आणि शेवटच्या प्रश्नांवर चर्चा घडवून आणावी, ही विनंती.

1. "बोर्डाची शाळा"

आपल्याकडची जुनी माणसे आजही जिल्हा परिषदेच्या शाळेला कधी कधी "बोर्डाची शाळा" म्हणतात. या शब्दामागे इतिहास आहे. मुंबई प्रांतात 1947 चा प्राथमिक शिक्षण कायदा झाला आणि जिल्ह्याजिल्ह्यांत शाळा मंडळे, म्हणजे स्कूल बोर्ड, प्राथमिक शाळांचा कारभार पाहू लागली. पुढे 1 मे 1962 रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. बोर्ड गेले, नाव मात्र लोकांच्या तोंडी राहिले.

या साऱ्या काळात शाळेचे निर्णय जिल्ह्याच्या ठिकाणी होत होते. जिल्ह्याचे ठिकाण पाड्यापासून दूर. तिथे निवडून गेलेला सदस्य आपल्या भागातला असला तरी आपल्या पाड्यावरचा असेलच असे नाही. गावात शिक्षण समित्या होत्या, परंतु त्यांत गावातली प्रतिष्ठित मंडळी अधिक आणि ज्यांची मुले त्या शाळेत बसतात ते पालक कमी, असेच चित्र बहुतेक ठिकाणी होते.

आदिवासी भागात काही जाणत्या माणसांनी याच्या उलट दिशेने काम करून दाखवले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि नंतर कोसबाड येथे वारली मुलांसाठी काम केले. मूल शाळेत येत नाही म्हणून त्याला दोष देण्याऐवजी, ते का येत नाही हे त्यांनी पाहिले. मूल गुरे राखायला जाते, तर शाळाच कुरणावर न्यावी, या विचारातून त्यांची कुरणशाळा उभी राहिली. शाळेची वेळ, जागा आणि पद्धत लोकांच्या जगण्याकडे पाहून ठरवता येते, हा धडा त्यांनी दिला. आजच्या कायद्यात पालकांना जे स्थान आहे, त्यामागे असाच विचार आहे.

2. कायद्याने पालकांना काय दिले

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार कायदा 2009 साली संमत झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. मुले मोफत शिकतील, एवढेच बहुतेकांना ठाऊक असते. पण याच कायद्याचे कलम 21 पालकांसाठी आहे. त्यात प्रत्येक सरकारी, स्थानिक संस्थेच्या आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असावी, असे सांगितले आहे. तिच्याविषयीच्या मुख्य गोष्टी अशा :

• समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य त्या शाळेत शिकणाऱ्या मुलांचे आई, वडील किंवा पालक असतात.
• एकूण सदस्यांपैकी निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत.
• दुर्बल व वंचित घटकांतील मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळाल्या पाहिजेत. म्हणजे मोठ्या गावाच्या शाळेत कातकरी वाडीची मुले येत असतील तर त्या वाडीचे पालक समितीत हवेत.
• महाराष्ट्रात समिती साधारण 12 ते 16 जणांची असते आणि दर दोन वर्षांनी नव्याने निवडली जाते. अध्यक्ष व उपाध्यक्ष पालकांमधून निवडले जातात. मुख्याध्यापक हे सदस्य सचिव असतात.
• महिन्यातून किमान एक बैठक व्हावी, असा नियम आहे.

समितीची कामे तीन. शाळेच्या कामकाजावर लक्ष ठेवणे, शाळेला मिळणाऱ्या अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणे आणि शाळा विकास आराखडा तयार करून त्याची शिफारस करणे. या आराखड्यासाठी कायद्यात कलम 22 वेगळे दिले आहे. शाळेला किती खोल्या, किती शिक्षक, कोणती साधने लागणार हे समितीने लिहून द्यायचे आणि वरच्या नियोजनाने त्याचा आधार घ्यायचा, अशी ही व्यवस्था आहे.

कलम 24 प्रमाणे शिक्षकांनी पालकांच्या सभा नियमित घेऊन मुलाची उपस्थिती, शिकण्याची क्षमता आणि प्रगती सांगितली पाहिजे. कलम 27 प्रमाणे दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना शिकवण्याबाहेरची कामे देता येत नाहीत. कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक, वर्षाला 200 दिवस शाळा, मुला-मुलींना वेगळी स्वच्छतागृहे, पिण्याचे सुरक्षित पाणी असे निकष दिले आहेत. हे सारे मागण्यासाठी कोणाची मेहेरबानी लागत नाही.

3. कागदावरची समिती

आता प्रत्यक्षात काय घडते ते पाहू. बहुतेक शाळांत समितीच्या नावांचा फलक लागलेला असतो. पण फलकावर नाव असलेल्या बाईला "तुम्ही समितीत आहात का" असे विचारले तर ती नवऱ्याकडे पाहते. बैठक झाली की नाही हे सदस्यांना ठाऊक नसते, पण इतिवृत्ताच्या वहीत, जिला शाळेत "प्रोसिडिंग" म्हणतात, प्रत्येक महिन्याचे पान भरलेले असते. खाली सह्या आणि अंगठेही असतात. ही वही घरोघरी फिरवून भरलेली असते.

यात केवळ गुरुजींचा दोष काढणे योग्य होणार नाही. दोन शिक्षकी शाळेत एक जण तालुक्याला माहिती द्यायला गेला तर दुसऱ्याला चार-पाच वर्ग सांभाळावे लागतात. बैठकीचा निरोप दिला तर पालक येत नाहीत. ते मजुरीला गेलेले असतात, नाहीतर बैठक आठवडी बाजाराच्या दिवशी ठेवलेली असते. मग वही पूर्ण करण्याचा सोपा मार्ग निवडला जातो. पालकही "गुरुजी म्हणतात तर करा सही" असे म्हणून मोकळे होतात. अशा रीतीने दोन्ही बाजूंच्या सोयीने समिती कागदावर राहते.

याची किंमत लगेच दिसत नाही. ती दोन-तीन वर्षांनी दिसते. एक शिक्षक दुसऱ्या शाळेच्या कामगिरीवर पाठवला जातो आणि परत येत नाही. समिती काही लिहीत नाही. मुलांना वाचता येत नाही हे पालकांच्या लक्षात येते, तेव्हा जो तो आपापला मार्ग शोधतो. कोणी मुलाला दूरच्या आश्रमशाळेत घालतो, कोणी मामाच्या गावी पाठवतो. शाळेचा पट 30 वरून 22 वर, 22 वरून 14 वर येतो. मग एक दिवस पट कमी असल्याचे पत्र येते. गाव जागे होते, निवेदन देते, तालुक्याला जाते. तोवर उशीर झालेला असतो, कारण वहीत सारे काही ठीक चालल्याचेच लिहिलेले असते आणि त्याखाली आपल्याच सह्या असतात.

म्हणून या पाठाचा गाभा एवढाच : शाळेच्या भवितव्याचा निर्णय पत्र येते त्या दिवशी होत नाही, तो आधीच्या दोन-तीन वर्षांच्या बैठकांत होत असतो. गावाने बोलायचे ते तेव्हा, आणि बोललेले वहीत उतरवून घ्यायचे.

4. कमी पटाची शाळा : एक निर्णय नीट तपासू

महाराष्ट्रात कमी पटाच्या शाळांचा प्रश्न काही वर्षे चर्चेत आहे. 2017 च्या अखेरीस दहा किंवा त्याहून कमी पट असलेल्या तेराशेहून अधिक शाळा जवळच्या शाळांत समायोजित करण्याचे ठरले, तेव्हा मोठा विरोध झाला होता. सप्टेंबर 2023 मध्ये 20 पेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी "समूह शाळे"चा विचार पुढे आला. नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ आणि पुणे जिल्ह्यातील पानशेत यांचे उदाहरण त्यासाठी दिले गेले. अशा कमी पटाच्या शाळांची संख्या तेव्हा 14 हजारांहून अधिक सांगण्यात आली. त्यांतल्या कितीतरी डोंगराळ आणि आदिवासी भागांतल्या आहेत, कारण तिथे वस्ती विखुरलेली असते. सातपुड्यात किंवा सह्याद्रीत एका गावाचे सात-आठ पाडे असणे ही नित्याची गोष्ट आहे.

समूह शाळेची बाजू आधी समजून घेऊ. आठ मुलांच्या शाळेत मुलाला आपल्या वयाचा एकही सोबती नसतो. एकच शिक्षक सर्व इयत्ता शिकवतो. खेळ होत नाही, ग्रंथालय नसते. मोठ्या शाळेत विषयाला शिक्षक मिळतो, साधने मिळतात. हे म्हणणे खोटे नाही, आणि ते ऐकून न घेता केवळ विरोध करणारे गाव आपल्या मुलांचे भले करत नाही.

परंतु दुसरी बाजू पाड्यावरच दिसते. समजा, पाड्यावर शाळेत जाणारी 14 मुले आहेत आणि नवी शाळा अडीच किलोमीटरवर आहे. मधे ओढा आहे. जून ते सप्टेंबर ओढ्याला पाणी असते. सहा वर्षांचे मूल रोज पाच किलोमीटर चालेल का? पाचवीतली मुलगी एकटीच उरली तर घरचे तिला पाठवतील का? गाडी येईल असे सांगितले, पण चिखलात गाडी पाड्यापर्यंत येईल का? आणि गाडीचे पैसे वर्षभर वेळेवर मिळतील का? एका वर्षी मिळाले, दुसऱ्या वर्षी नाहीत, तर मूल घरी बसेल. घरी बसलेले मूल गुरांमागे जाते, धाकट्या भावंडाला सांभाळते. असे मूल पुन्हा शाळेत आणणे किती अवघड, हे आपल्या कार्यकर्त्यांना सांगायला नको.

कायदा येथे आपल्या बाजूने काही सांगतो. कलम 6 प्रमाणे परिसरात शाळा उपलब्ध करून देणे हे शासनाचे आणि स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. राज्याच्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी 1 किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी 3 किलोमीटर असे अंतर धरले आहे. केंद्राच्या 2010 च्या नियमांत आणखी एक महत्त्वाची गोष्ट आहे. जिथे भूभाग अवघड आहे, दरडी किंवा पुराचा धोका आहे, रस्ता नाही, तिथे लहान मुलांना धोका होणार नाही अशा रीतीने, अंतराची मर्यादा कमी करून शाळेची जागा ठरवावी, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे नकाशावरचे अंतर पुरेसे नाही. पावसाळ्यातला मुलाचा रस्ता पाहिला पाहिजे. तो रस्ता पाड्यावरच्या आईइतका कोणत्याही कार्यालयाला ठाऊक नसतो. तिने तो सांगितला पाहिजे आणि तो लिहिला गेला पाहिजे.

अशा वेळी समितीने पुढील माहिती गोळा करावी :

(अ) आजचा पट, आणि अंगणवाडीच्या यादीवरून पुढच्या तीन वर्षांत सहा वर्षांची होणारी मुले. पुष्कळदा आजच्या 14 मुलांमागे अंगणवाडीत आणखी नऊ-दहा मुले उभी असतात, पण त्यांची नोंद शाळेच्या कागदात नसते.
(आ) पाड्यावरची जी मुले बाहेर शिकतात त्यांची यादी, आणि ती का गेली याचे कारण. शिक्षक नव्हता म्हणून गेली असतील तर शिक्षक मिळाल्यावर त्यांतली किती परत येतील?
(इ) नव्या शाळेपर्यंतचा प्रत्यक्ष रस्ता. ओढे, जंगल, डांबरी रस्ता ओलांडण्याची जागा, पावसाळ्यात बंद राहणारे दिवस.
(ई) वाहतुकीची व्यवस्था. कोण करणार, किती दिवस, पैसे कोणत्या योजनेतून, आणि गाडी न आल्यास जबाबदार कोण.
(उ) नव्या शाळेत खरोखर शिक्षक, खोल्या, स्वच्छतागृहे पुरेशी आहेत का. समितीच्या चार पालकांनी स्वतः जाऊन पाहून यावे.

ही माहिती हाती आल्यावर गावाचा कौल कोणताही असू शकतो. एखादे गाव म्हणेल, नवी शाळा चांगली आहे, रस्ता बारमाही आहे, आम्ही मुले पाठवू. दुसरे गाव म्हणेल, तिसरीपर्यंतची मुले इथेच शिकू द्या, पुढची पाठवू. तिसरे म्हणेल, आमची शाळा बंद करू नका, दुसरा शिक्षक द्या. तिन्ही कौल मानाचे आहेत, कारण ते माहितीवर उभे आहेत. नुसता "होय" किंवा नुसता "नाही" याला कार्यालयात वजन राहत नाही.

एक गोष्ट येथे आवर्जून सांगावीशी वाटते. पाड्यावरची शाळा गेली की पुष्कळदा पहिलीतले मूलही निवासी शाळेत जाते. आश्रमशाळांनी आदिवासी समाजाच्या कित्येक पिढ्या शिकवल्या आहेत, त्यांचे ऋण मानलेच पाहिजे. पण सहा वर्षांच्या लेकराला आईपासून दूर ठेवायचे की नाही, हे पालकांनी मनापासून ठरवलेले असावे. जवळ शाळा उरली नाही म्हणून नाइलाजाने ठरू नये.

5. भाषा आणि स्थलांतर

दोन विषय असे आहेत की ज्यांविषयी पालकच सर्वांत चांगले सांगू शकतात.

पहिला भाषेचा. नंदुरबारमध्ये पावरी, भिली, मावची, मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया बोलत मोठी झालेली मुले पहिलीत येतात आणि त्यांच्यासमोर मराठीचे पुस्तक येते. मूल गप्प बसते. गुरुजींना वाटते, मुलाला येत नाही. खरे तर त्याला येते, फक्त वेगळ्या भाषेत येते. कायद्याचे कलम 29 म्हणते की शक्य असेल तिथवर शिक्षणाचे माध्यम मुलाची मातृभाषा असावी. गडचिरोली जिल्ह्यातील मोहगाव येथील ग्रामसभेने 2019 साली गोंडी भाषेतून शिकवणारी शाळा स्वतः सुरू केली. तिच्या मान्यतेचा वाद पुढे उच्च न्यायालयापर्यंत गेला. प्रत्येक गावाला एवढे मोठे पाऊल उचलता येणार नाही. पण गावातली एखादी शिकलेली मुलगी पहिली-दुसरीच्या वर्गात रोज तासभर बसून गोष्टी व शब्द दोन्ही भाषांत सांगेल, असा ठराव समिती करू शकते. पोषण आहार शिजवणाऱ्या ताई बहुधा पाड्यावरच्याच असतात. मूल का रडते हे गुरुजींना त्या सांगू शकतात. यासाठी वरून आदेश यावा लागत नाही.

दुसरा विषय स्थलांतराचा. दिवाळी झाली की कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला आणि वीटभट्टीवर जातात, ती होळीच्या सुमारास परततात. मूल बरोबर गेले की वर्ष वाया जाते. अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची तरतूद आहे, आणि मूल बरोबर गेलेच तर ते जिथे जाईल तिथल्या शाळेत बसावे म्हणून शिक्षण हमी कार्ड दिले जाते. परंतु कोणती कुटुंबे जाणार, कोणते मूल आजीजवळ राहू शकते, ही यादी दिवाळीनंतर करून उपयोग नाही. ती ऑगस्ट-सप्टेंबरच्या बैठकीत झाली पाहिजे. मुकादमाची उचल कोणी घेतली हे गावाला आधीच ठाऊक असते.

6. ग्रामसभेचा आधार

समिती एकटी पडली तर तिचे ऐकले जाईलच असे नाही. तिच्या मागे ग्रामसभा उभी राहिली पाहिजे. महाराष्ट्रातील 13 जिल्ह्यांत अनुसूचित क्षेत्र आहे आणि तिथे 1996 चा पेसा कायदा लागू आहे. सामाजिक क्षेत्रातील संस्था आणि कर्मचारी यांवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार ग्रामसभेला आणि योग्य स्तरावरील पंचायतीला असावा, असे हा कायदा सांगतो. शाळा आणि अंगणवाडी ही सामाजिक क्षेत्रातलीच कामे आहेत. राज्याने त्यासाठी 2014 साली नियम केले. त्यांत पाड्यालाही स्वतंत्र गाव म्हणून घोषित करून घेण्याची वाट आहे.

2015 पासून आदिवासी उपयोजनेच्या निधीतील 5 टक्के अबंध निधी पेसा ग्रामपंचायतींना थेट मिळू लागला. आरोग्य, स्वच्छता आणि शिक्षण हे या निधीच्या खर्चाच्या विषयांपैकी एक आहे. शाळेच्या छपराची गळती, पाण्याची टाकी, स्वच्छतागृहाचे दार यांसाठी वर्षानुवर्षे जिल्ह्याकडे पाहत बसण्याऐवजी ग्रामसभेत हा विषय मांडता येतो.

गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाचे नाव सर्वांना परिचित आहे. तिथल्या ग्रामसभेची रीत समजून घेण्याजोगी आहे. निर्णयाआधी अभ्यास गट बसतो, विषय समजून घेतो, मग ग्रामसभा सर्वसहमतीने ठरवते. बहुमताने ठरवले तर हरलेली बाजू बाजूला पडते. सहमतीला वेळ लागतो, पण निर्णय पाळणारे सारेच असतात. शाळेच्या प्रश्नालाही हीच रीत उपयोगी पडेल. पालकांचा लहानसा अभ्यास गट आधी, समितीची बैठक नंतर आणि मोठा विषय असेल तर ग्रामसभा.

प्रत्येक ग्रामसभेपूर्वी स्त्रियांची वेगळी सभा घ्यावी, असा नियम आहे. शाळेचा विषय तिथे पहिला ठेवावा. पाणी, स्वच्छतागृह, मुलींचा रस्ता या गोष्टी पुरुषांच्या सभेत मागे पडतात, तिथे पुढे येतात.

7. बैठक कशी चालवावी

यासाठी मोठ्या शिक्षणाची गरज नाही. पुढील सात सवयी लावून घ्याव्यात.

1. बैठकीचा दिवस वर्षभरासाठी ठरवून टाकावा. बाजाराचा दिवस टाळावा. वेळ मजुरीवरून परतल्यावरची, नाहीतर सकाळची ठेवावी.
2. सुरुवातीला मागच्या बैठकीचे इतिवृत्त मोठ्याने वाचावे. ज्यांना मराठी नीट समजत नाही त्यांना आपल्या बोलीत सांगावे.
3. तीन आकडे प्रत्येक वेळी विचारावेत : या महिन्यात शाळा किती दिवस भरली, शिक्षक किती दिवस हजर होते, सतत गैरहजर मुले किती आणि कोण.
4. पैशांचा हिशेब पाहावा. समग्र शिक्षा योजनेच्या निकषांप्रमाणे 30 मुलांपर्यंतच्या शाळेला वर्षाला 10,000 रुपये आणि 31 ते 100 मुलांच्या शाळेला 25,000 रुपये संयुक्त शाळा अनुदान ठेवलेले आहे. ते आले का, कधी आले, कशावर गेले, पावत्या कुठे आहेत, हे विचारण्यात अविश्वास नाही. प्रामाणिक गुरुजींना असा हिशेब दाखवण्यात आनंदच वाटतो.
5. पोषण आहार एखाद्या दिवशी न सांगता जाऊन पाहावा, चव घ्यावी आणि चव नोंदवहीत आपले मत लिहावे.
6. बैठक संपण्याआधी त्या दिवशीचे ठराव वाचून घ्यावेत आणि मगच सही करावी. कोऱ्या पानावर किंवा घरी आणलेल्या वहीवर सही करू नये. सही येत नसेल तर अंगठा देण्यापूर्वी "वाचून दाखवा" एवढे दोन शब्द म्हणावेत.
7. ठरावाची एक प्रत समितीच्या फाईलला राहावी, आणि मागणी असेल तर गटशिक्षणाधिकाऱ्यांना देऊन पोच घ्यावी.

तक्रार करण्याची वेळ आलीच तर कलम 32 प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार देता येते. तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हावा, असे कायदा सांगतो. समाधान न झाल्यास राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. कागद मिळत नसतील तर 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करावा. उत्तर साधारणपणे 30 दिवसांत मिळायला हवे. पण या वाटा शेवटच्या आहेत. गुरुजी आणि पालक रोज एकमेकांना भेटणारी माणसे आहेत. बऱ्याच गोष्टी ओट्यावर बसून सुटतात. गुरुजींच्या अडचणीसाठीही समितीने पत्र लिहावे. दुसरा शिक्षक मागणारा ठराव त्यांच्या एकट्याच्या अर्जापेक्षा अधिक ऐकला जातो.

8. ठरावाचा एक नमुना

"आज दि. ...... रोजी शाळा व्यवस्थापन समिती, जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, ...... पाडा यांची मासिक बैठक झाली. एकूण ...... सदस्यांपैकी ...... उपस्थित, त्यांत स्त्रिया ...... . विषय : शाळेस दुसरा शिक्षक मिळणेबाबत. शाळेचा पट ...... असून पुढील तीन वर्षांत अंगणवाडीतील ...... बालके पहिलीत दाखल होणार आहेत. शाळेतील एक शिक्षक दि. ...... पासून अन्यत्र कामगिरीवर आहेत. त्यामुळे एकाच शिक्षकास सर्व वर्ग शिकवावे लागत आहेत. शिक्षणाचा अधिकार कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे 60 विद्यार्थ्यांपर्यंत दोन शिक्षक आवश्यक आहेत. तरी सदर शिक्षकांना मूळ शाळेवर परत पाठवावे किंवा दुसरे शिक्षक द्यावेत, अशी मागणी सर्वानुमते करण्यात येत आहे. ठराव सभेत वाचून दाखवण्यात आला. सूचक ...... अनुमोदक ...... ."

शेवटून दुसरे वाक्य प्रत्येक ठरावात असावे. ते खरे असावे, एवढीच काळजी घ्यावी.

9. गटचर्चेसाठी प्रश्न

1. आपल्या शाळेच्या समितीतील सदस्यांची नावे उपस्थितांपैकी किती जणांना सांगता येतात? त्यांत स्त्रिया किती, आणि मागच्या बैठकीत त्यांपैकी कोण बोलले?
2. मागील तीन महिन्यांत वहीत लिहिलेला एखादा ठराव प्रत्यक्ष अमलात आला का? नसेल तर कोठे अडला?
3. आपल्या पाड्यावरची किती मुले बाहेर शिकतात? त्यांचे आईवडील कोणते कारण सांगतात?
4. आपली शाळा जवळच्या मोठ्या शाळेत मिळवावी असे पत्र उद्या आले, तर वरील (अ) ते (उ) पैकी कोणती माहिती आज आपल्याजवळ आहे?
5. यंदा दिवाळीनंतर कोणती कुटुंबे कामासाठी बाहेर जाणार आहेत? त्यांच्या मुलांची सोय कोणाकडे होऊ शकते?

पुढील बैठकीपूर्वी करावयाचे काम : दोन पालकांनी, त्यांत एक आई असावी, अंगणवाडी ताईंकडून तीन वर्षांवरील बालकांची यादी उतरवून आणावी आणि ती शाळेच्या हजेरीपटाशेजारी ठेवून पाहावी. कोणते मूल कोणत्या वर्षी पहिलीत येणार ते नावानिशी लिहावे. पुढच्या बैठकीत ही यादी वाचून दाखवावी आणि वहीत नोंदवून घ्यावी.